टेम्पो, तांब्या आणि शॉकअप

"तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा," असं फर्मान संपादकांकडून आलं, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही म्हणजे दोघे साडू. एक सांगलीकर, दुसरा नाशिककर. बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे आमची भागीदारी मोडायचा प्रश्नच येत नाही. मोडली तर जेवायचं कुठे? यिशुनच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे. एअरकंडिशनर बसवणं, दुरुस्त करणं आणि त्याबरोबर येणारी विजेची किरकोळ कामं करणं हा आमचा व्यवसाय. त्यात वाङ्मयीन काय सापडणार?

पण गेल्या वर्षी आम्ही आमच्या पिकअप ट्रकचे मागचे शॉकअप बदलले, आणि त्या निमित्तानं चार गोष्टी शिकलो. काही यंत्राविषयी, काही आमच्याविषयी. आपल्या मंडळींत गाडी बाळगणारे बरेच आहेत, आणि हाताखाली माणसं असणारेही काही आहेत. दोघांनाही उपयोग होईल असं वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

सिंगापूरला नवे आलेल्यांसाठी आधी थोडं यिशुनबद्दल. हे नाव लिम नी सून (१८७९-१९३६) यांच्यावरून पडलं. रबर आणि अननसाच्या व्यापारात नाव कमावलेले हे मोठे गृहस्थ. 'नी सून' ही चिनी अक्षरं मँडरिन उच्चारानं वाचली की होतं 'यिशुन'. इथलं एमआरटी स्टेशन १९८८ च्या डिसेंबरात सुरू झालं. आपली बहुतेक मंडळी यिशुनला येतात ती खू टेक पुआट रुग्णालयात कुणाला भेटायला, नाहीतर नॉर्थपॉइंटमध्ये खरेदीला. आमचं यिशुन मात्र इंडस्ट्रियल पार्क 'ए'च्या बाजूचं. इथे गॅरेजं आहेत, सुतारकामाचे गाळे आहेत, गाड्यांची तपासणी करणारं व्हायकॉमचं केंद्र आहे, आणि या सगळ्या लोखंडी पसाऱ्यात बालसुब्रमण्यम स्वामींचं होली ट्री देऊळही आहे. पंगुनी उत्तिरमला इथे कावडी निघतात, त्या दिवशी आमचं काम बंदच असतं.

आता टेम्पोबद्दल. कागदोपत्री ती पिकअप. सिंगापुरात तिला लॉरी म्हणतात. आमच्या घरात मात्र तिचं नाव टेम्पोच. महाराष्ट्रात १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तिच्या तीनचाकी गाडीचं नाव मराठीत असं रुतून बसलं, की पुढे कुठल्याही कंपनीची छोटी मालवाहू गाडी आली तरी ती आपल्यासाठी टेम्पोच. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोतून, गणपती टेम्पोतून, घर बदललं की बिऱ्हाड टेम्पोतून. आमचा टेम्पो जपानी बनावटीचा, पुढे दोन जागा, मागे उघडा हौदा आणि त्यावर ताडपत्रीचं छप्पर. वय वर्षं सात.

या टेम्पोला एक खोड होती. रिकामा असला की मागून उडायचा. रस्त्यावरच्या हंपवरून गेला की मागची चाकं एकदा उडत, परत उडत, आणि तिसऱ्यांदा उडून मग शांत होत. शिड्या वाजत, पान्यांची पेटी सरकून फळीवर आदळे. भरलेला असला की उलट तऱ्हा: उड्या कमी, पण वळणावर डुलायचा, आणि ब्रेक मारला की पुढे वाकून पुन्हा मागे बसायचा. आम्हांला वाटायचं, मालवाहू गाडी म्हणजे हे चालायचंच. पुढच्या सीटवर फोम होता, एसी होता, रेडिओ होता. त्यामुळे 'चालायचंच' म्हणणं सोपं होतं.

मागे हौद्यात आमची चार माणसं बसायची. दोघे तमिळनाडूचे, दोघे बांगलादेशचे. त्यांतले सगळ्यांत वडील ते अण्णा. तंजावरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. तंजावरचं नाव काढलं की आम्ही त्यांना तिथल्या मराठे राजांची आठवण करून देतो आणि ते हसून मान डोलावतात. अण्णा बसताना बुडाखाली नेहमी एक गोणपाट चौपदरी घडी करून घेत. आम्हांला वाटे, कपडे मळू नयेत म्हणून घेत असतील.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या पावसात तुआसला एक काम होतं. संध्याकाळी संपायचं ते रात्री आठला संपलं. पुरवठादाराचे एक इंजिनियर आमच्याबरोबर परतणार होते. पाहुण्यांना पुढे बसवणं भाग, गाडी नाशिककर चालवणार, तेव्हा सांगलीकर बसले मागे, माणसांबरोबर. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुआस म्हणजे बेटाचं पश्चिम टोक, आणि यिशुन जवळजवळ उत्तर टोक. मोठे एसी सकाळीच उतरवलेले, म्हणजे टेम्पो हलका. एक्सप्रेसवेवरच्या पुलांना ठरावीक अंतरावर सांधे असतात. पुढे बसलं की त्यांचा नुसता 'टक्' असा आवाज येतो. मागे तो आवाज येत नाही, धक्का येतो, आणि तो थेट माकडहाडात बसतो. आपल्या एसटीच्या शेवटच्या सीटवर जे बसलेत त्यांना वेगळं सांगायला नको. १९४८ च्या जूनमध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून शेवटच्या सीटवरचा माणूस खड्डा आला की उडतोच आहे. पण एसटीला निदान सीट असते. इथे पत्रा.

पहिल्या दहा मिनिटांत सांगलीकरांनी कठडा धरला. विसाव्या मिनिटाला अण्णांनी काही न बोलता आपलं गोणपाट काढून त्यांच्याकडे सरकवलं. "नको नको," म्हणताच अण्णा म्हणाले, "बॉस, टेक. यू नॉट युस्ड."

सवय तुम्हांला नाही, आम्हांला आहे. एवढंच. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो लागला. यिशुनला उतरल्यावर सांगलीकर पाच मिनिटं सरळ उभे राहू शकले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. दोघी बहिणींनी ऐकून घेतलं आणि धाकटीनं एकच विचारलं: "मग गेली सहा वर्षं ती माणसं कशी बसतायत?" ताटातली भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अण्णांना विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? ते म्हणाले, "लॉरी इज लॉरी, बॉस." आणि कामाला लागले.

आता मुद्द्याचं. गाडी मागून उडते म्हणजे नेमकं काय होतं, ते आम्ही आधी समजून घ्यायचं ठरवलं. आमची पहिली चूक ही, की आम्हांला वाटत होतं शॉकअप म्हणजे गाडीचं वजन पेलणारी वस्तू. तसं नाही. वजन पेलतात पाटे. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या पाट्यांवर सगळा भार. शॉकअपचं काम वेगळंच.

कोकणातल्या किंवा वाड्यातल्या घरातला लाकडी झोपाळा आठवा. एक झोका दिला की तो कितीतरी वेळ हलत राहतो. मग झोपाळ्यावर बसलेली आजी पायाचा अंगठा जमिनीला हलकेच टेकवते, आणि दोन झोक्यांत झोपाळा थांबतो. पाटे म्हणजे झोपाळा. शॉकअप म्हणजे आजीचा अंगठा. आजी झोपाळ्याचं वजन उचलत नाही. ती फक्त हेलकावे जिरवते.

आतली रचनाही फार अवघड नाही. तेल भरलेली नळी, तिच्यात दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक भोकं व झडपा. चाक वरखाली झालं की दट्ट्या तेलातून सरकतो, तेलाला त्या बारीक वाटांतून जावं लागतं, आणि उडीतली शक्ती तेलाच्या उष्णतेत खर्च होते. बऱ्याच वेळ खराब रस्त्यावर गाडी चालवली की शॉकअप तापतो तो याचमुळे. झडपा अशा लावलेल्या असतात की सहसा दबताना विरोध कमी आणि परत लांबताना जास्त. कारण दबताना पाटे स्वतःच विरोध करतात; खरी आवरायची असते ती पाट्यांची परत फेकण्याची ताकद.

यात एक गोम आहे. तेल जोरानं घुसळलं गेलं की त्यात हवा मिसळून फेस होतो. फेसाचा विरोध तो काय! ताकाच्या फेसातून रवी फिरवावी तसा दट्ट्या मोकळा सुटतो. यावर उपाय म्हणून नळीत दाबाखाली नायट्रोजन भरतात. १९५० च्या दशकात द कार्बों या फ्रेंच संशोधकानं एकाच नळीचा, उच्च दाबाच्या वायूचा शॉकअप पुढे आणला. दोन नळ्यांचा, कमी दाबाचा प्रकारही उत्तम चालतो आणि स्वस्त पडतो. नायट्रोजन म्हटल्यावर आम्हांला जरा घरच्यासारखं वाटलं. एसीच्या तांब्याच्या नळ्या गळतात का ते पाहायला आम्ही रोज तोच वायू भरतो.

हेही सांगून ठेवतो, की शॉकअप ही वस्तू आपल्याला परकी नाही. १९६१ साली मुंबईत गेब्रियल इंडिया कंपनी सुरू झाली. मुलुंडला तिचा कारखाना, पुढे नाशिक आणि चाकणलाही आले. नाशिककरांच्या आळीत दोन घरं तरी अशी होती की ज्यांचा पगार शॉकअपमधून येई. तरी त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं आहे.

मग रिकामा पिकअपच एवढा का उडतो? कारण त्याचे पाटे टनभर माल वाहण्यासाठी घडवलेले असतात. समजा रिकाम्या गाडीचा मागच्या ॲक्सलवर ६०० किलो भार आहे आणि भरल्यावर तो १,२०० झाला. भार दुप्पट झाला की झोक्याची लय साधारण ३० टक्क्यांनी संथ होते. म्हणजे एकाच गाडीच्या दोन लयी. एकच शॉकअप दोन्ही लयींना शंभर टक्के जुळणार नाही. कुठेतरी मध्य गाठावा लागतो. शिवाय माणसाचं शरीर बसलेल्या स्थितीत दर सेकंदाला ४ ते ८ कंपनांना सगळ्यांत जास्त दाद देतं, म्हणजे पाठीच्या कण्याला ती सर्वांत जाचक. त्याहून संथ झोका, चालण्याच्या लयीजवळचा, सुसह्य वाटतो. युरोपात २००२ च्या एका निर्देशानुसार कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती कंपन बसावं याला आकड्यांत मर्यादा आहे. म्हणजे ही 'नाजूकपणाची' गोष्ट नसून हाडांची आहे.

एवढं समजल्यावर शहाण्यासारखं वागायला हवं होतं. आम्ही तसे वागलो नाही. सरळ जाऊन सगळ्यांत महागडे, चकचकीत, डोंगरदऱ्यांत गाडी घालणाऱ्यांसाठीचे शॉकअप घेऊन आलो. विचार असा, की जितकं कडक तितकं चांगलं. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी (वय सत्तर, बोली होक्कियन, इंग्रजी मोजकं) ते पाहिलं आणि विचारलं, "अंकल, यू कॅरी एलिफंट?" आम्ही हसलो आणि बसवायला लावले.

पारखायची रीत आमच्या थोरल्या सौभाग्यवतींनी सुचवली. पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवायचा, सुतळीनं कडेला सैल बांधायचा, आणि वसाहतीला एक ठरावीक फेरी मारायची. रस्ते तेच, हंप तेच, वेग तोच. परत आल्यावर पाणी किती उरलं ते पाहायचं. जुन्या शॉकअपवर निम्म्याहून कमी उरलं होतं. नव्या महागड्या शॉकअपवर तांब्याच आडवा झाला.

का? तर ते शॉकअप भरगच्च वजनासाठी होते. आमच्या हलक्या टेम्पोत ते इतके ताठ, की लहानसहान खड्ड्याला पाटे दबायलाच तयार नाहीत. धक्का जिरायच्या ऐवजी जसाच्या तसा हौद्यात. आजीनं अंगठा टेकवायच्या ऐवजी झोपाळ्याला दोन्ही पाय रोवले, म्हणा ना. गॅरेजवाले काका म्हणाले, "हार्ड नॉट मीन गुड." ते शॉकअप काढले आणि निम्म्या किमतीला एका हौशी माणसाला विकले. हा आमचा शिकवणीचा खर्च.

त्यानंतर काकांनी सांगितलेल्या क्रमानं गेलो. तो क्रम इथे देतो, कारण लेखातला हाच भाग कात्रण करून ठेवण्यासारखा आहे.

पहिलं, टायरमधली हवा. दरवाज्याच्या चौकटीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब लिहिलेला असतो. आम्ही बारा महिने भरलेल्याचाच दाब ठेवत होतो. रोजच्या भाराला योग्य तो दाब ठेवल्यावर फुकटात थोडा फरक पडला. मात्र जास्त माल भरायच्या दिवशी दाब वाढवायला विसरायचं नाही. कमी हवेवर जास्त भार म्हणजे टायर तापून फुटायचं आमंत्रण.

दुसरं, वजन. काकांनी विचारलं, रोज किती किलो नेता? आम्हांला सांगता येईना. मग घरातला वजनकाटा आणला आणि एका रविवारी हौद्यातली एकेक वस्तू मोजली. शिड्या, ड्रिल, सिलिंडर, नळ्यांची वेटोळी, सगळं मिळून ४१० किलो. त्यांतले १३० किलो 'लागेल कधीतरी' या सदरातले! दोन मेलेले कंप्रेसर, गंजलेले कंस, आणि एक मिक्सर, जो धाकट्या वहिनी वर्षभर शोधत होत्या. ही अडगळ काढली. खरं सांगायचं तर वजन कमी झाल्यावर टेम्पो किंचित जास्तच उडू लागला, हे वरच्या हिशेबाप्रमाणेच झालं. पण उरलेलं जड सामान ॲक्सलच्या मागून काढून पुढे केबिनच्या भिंतीला लावल्यावर शेपूट आपटणं कमी झालं.

तिसरं, रबराचे बुश आणि शॅकल. पाटे जिथे चासीला टांगलेले असतात तिथली रबरं झिजून कडक झाली होती. ती बदलली. पाट्यांच्या मधली माती धुऊन काढली. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, आणि न सरकणारे पाटे म्हणजे लोखंडी तुळई.

चौथं, आणि मगच, शॉकअप. जुने काढल्यावर हातानं दाबून पाहिले. चांगला शॉकअप दोन्ही दिशांना सारखा, जड सरकतो. आमचा एक मध्येच मोकळा सुटत होता, आणि दुसऱ्याच्या अंगावर तेलाचा ओघळ होता. टायरही जागोजागी खळगे पडल्यासारखे झिजले होते. तेही मेलेल्या शॉकअपचंच लक्षण. म्हणजे गाडीची ही 'खोड' नव्हतीच. ते दुखणं होतं, आणि ते आम्ही वर्षानुवर्षं अंगावर काढत होतो. आमच्या नव्हे, अण्णांच्या अंगावर.

नवी जोडी घेतली ती वायूभरली, दोन नळ्यांची, आमच्या गाडीच्याच मापाची आणि मध्यम भारासाठीची. आमचा हिशेब आता पक्का होता: २८० किलो सामान आणि चार माणसांचे साधारण २६०. माप महत्त्वाचं. शॉकअप लांब पडला तर गाडी दबताना तो तळाला आपटून फुटतो. आखूड पडला तर चाक खाली जाताना त्यालाच लटकतं. जोडी नेहमी एकदम बदलायची, एक नवा एक जुना असं करायचं नाही. आणि एक बारकावा काकांनी दाखवला, तो आम्हांला फार आवडला. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जॅकवर लटकत असताना नाही, चारी चाकांवर उभी असताना. नाहीतर रबराच्या बुशला कायमचा पीळ बसतो आणि तो लवकर फाटतो. दीड तासाचं काम. शॉकअप, बुश आणि मजुरी मिळून पाचशे डॉलरच्या आत. आधी वाया घातलेले धरायचे नाहीत, असं आम्ही घरी ठरवून सांगितलं आहे.

पुन्हा तांब्या, पुन्हा तीच फेरी. परत आल्यावर दोन बोटं पाणी कमी. बस्स. हंपवरून मागची चाकं एकदा वर, एकदा खाली, आणि शांत. पुढे व्हायकॉममध्ये वार्षिक तपासणी झाली, ती पहिल्या फेरीत पार पडली. इथे इशारा देऊन ठेवतो: गाडीची उंची वाढवायची असेल किंवा पाटे वाढवायचे असतील, तर आधी एलटीएच्या नियमांत ते बसतं का ते विचारा. आणि पाटा वाढवला म्हणून कागदावरची वजनाची मर्यादा वाढत नाही, हे तर कोरून ठेवा.

इथे लेख संपवता आला असता. पण तांब्या पाहून खूश झालेल्या आम्हांला धाकटीनं पुन्हा विचारलं, "तांब्याचं झालं. माणसांचं काय?"

त्या प्रश्नाला शॉकअपकडे अर्धंच उत्तर आहे. धक्के कमी झाले हे खरं. पण हौदा तो हौदाच. तिथे सीट नाही, पट्टा नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये पॅन आयलंड एक्सप्रेसवेवर कामगारांना नेणारी लॉरी थांबलेल्या टिपरवर आदळली आणि दोन कामगार गेले. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली, हळहळलो, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या माणसांना हौद्यात बसवून कामावर गेलो. त्यानंतर या विषयावर पुष्कळ चर्चा झाली. साडेतीन टनांवरच्या मोठ्या लॉऱ्यांना वेगमर्यादक बसवण्याचा नियम २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं लागू होऊ लागला. आमचा टेम्पो त्याहून लहान, म्हणून तो नियम आम्हांला लागू नाही. कायदा आम्हांला काही विचारत नव्हता. विचारलं ते घरातल्या माणसांनी.

आपण कुणाला नावं ठेवावीत असंही नाही. गावाकडे ऊसतोडीची अख्खी कुटुंबं ट्रकमधून जाताना आपण पाहिली आहेत. टेम्पोतल्या वऱ्हाडात बसून आपण स्वतः गाणी म्हटली आहेत. पण वऱ्हाड वर्षातून एकदा जातं, आणि हसत जातं. बारा तास काम करून, दमून, रोज दोन वेळा तसं जाणं निराळं.

तेव्हा आम्ही असं ठरवलं. लांबची कामं, म्हणजे तुआस, जुरोंग, चांगी, इथे शेजारच्या सुतारकामवाल्यांबरोबर मिळून एक मिनीबस भाड्यानं ठरवतो. त्यांची पाच माणसं, आमची चार. खर्च वाटून घेतला की झेपतो. तुआसला २०१७ पासून एमआरटीही पोचली आहे. सामान टेम्पोनं पुढे गेलं की माणसं कधी गाडीनंही येतात. उरलं यिशुन, सेंबावांगच्या आसपासचं काम. तिथे अजून आठवड्यातून एखाद-दोन फेऱ्या हौद्यातून होतात, हे लपवत नाही. दुसरी गाडी घ्यायची म्हटलं तर सीओईचा आकडा पाहून आम्ही दोघेही पाणी मागतो. पण त्या फेरीत आता आमचा एक नियम आहे. आमच्यापैकी जो गाडी चालवत नसेल, तो मागे बसतो, आणि त्याची पुढची जागा अण्णांची. पहिल्या दिवशी अण्णा बसायला तयार नव्हते. दार धरून उभेच. शेवटी नाशिककरांनी आतून सांगितलं, "अण्णा, शॉकअप कसे झालेत ते मागे बसणाऱ्यानंच तपासायचं असतं. आता पाळी सांगलीकरांची."

सांगलीकरांचा अहवाल असा: पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं, तरी पाऊण तास बसवत नाही. मालकानं ही तपासणी अधूनमधून स्वतः केली म्हणजे पुढची दुरुस्ती कधी करायची ते मेकॅनिकला विचारावं लागत नाही.

वाचकहो, तुमच्या गाडीचे मागचे शॉकअप कसे आहेत हे पाहायचं असेल, तर एका रविवारी किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा. आईवडील भारतातून आले की आपण त्यांना तिथेच तर बसवतो. त्यांना हंप कसा लागतो ते कळेल. तेही 'चालायचंच' म्हणत असतील.

आणि अण्णांचं गोणपाट? परवा गाळ्यात नवा कंप्रेसर आला, तो कशात गुंडाळून न्यावा म्हणून आम्ही शोधत होतो. अण्णांनी टेम्पोतून ते गोणपाट आणून दिलं. "परत हवं का?" असं विचारलं, तर म्हणाले, "कीप, बॉस. फॉर द मशीन."